टाकीची कुरकुर

दिवसभर घरात टीव्ही, मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या. त्यात फ्लशच्या टाकीचं कोण ऐकतंय? रात्री सगळं निजलं की मग बाथरूममधून बारीक ‘सूंऽऽ’ ऐकू येते, नाहीतर आत कुणी गेलेलं नसताना टाकी आपोआप भरायला लागते आणि दहा-पंधरा सेकंदांत गप्प होते. बहुतेक घरांत यावरचा उपाय ठरलेला आहे: बाथरूमचं दार घट्ट ओढून घ्यायचं.

पण तो आवाज येतोय याचा अर्थ पाणी चाललंय. कमोडच्या आतल्या भिंतीवरून त्याचा इतका पातळ पदर सरकत असतो की डोळ्यांना दिसत नाही. साधा हिशेब करा. मिनिटाला एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी गळत असेल, तर दिवसाला २८८ लिटर होतात. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावं, असा केंद्राचा मापदंड आहे. म्हणजे दोन माणसांच्या वाट्याहून जास्त पाणी न वापरता गटारात. महिन्याचे साडेआठ हजार लिटर. पुण्यात उन्हाळ्यात सोसायटीच्या फाटकावर येतो तो मोठा टँकर साधारण दहा हजारांचा असतो.

जुन्या टाक्यांत ही चोरी लपत नसे. मुंबईतल्या जुन्या इमारतींत आणि रेल्वे क्वार्टर्समध्ये डोक्यावर, उंच भिंतीला बिडाची टाकी असायची आणि तिची साखळी खाली लोंबायची. साखळी ओढली की आतली जड घंटा उचलली जाई. सोडली की ती खाली पडताना पाणी मधल्या उभ्या नळीच्या काठावरून पलीकडे ढकललं जाई आणि सायफन सुरू होऊन टाकी रिकामी होई. या नळीचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर. त्यामुळे साखळी ओढल्याशिवाय पाणी खाली उतरायला वाटच नव्हती, आणि पाण्याखाली झिजणारं वॉशरही नव्हतं. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये पाणी वाया जाऊ नये म्हणून ही रचना सक्तीची झाली, आणि ब्रिटिशांबरोबर ती इकडे आली. थॉमस क्रॅपर या लंडनच्या व्यापाऱ्याला तिचं श्रेय देण्याची पद्धत आहे, पण ‘बिनव्हॉल्व्हच्या’ टाकीचं १८९८ चं पेटंट अल्बर्ट गिब्लिन याच्या नावावर आहे. टाकी जास्त भरलीच, तर ओव्हरफ्लोचं पाणी वेगळ्या नळीने टाकीबाहेर पडे. कुणाच्या तरी अंगावर ठिबके, आरडाओरडा होई आणि दुरुस्तीही होई.

आताच्या बटणवाल्या टाकीत दोन्ही गोष्टी उलट झाल्या. टाकीच्या तळाला भोक आहे आणि त्यावर रबरी वॉशर बसलेलं आहे. ओव्हरफ्लोची नळीही त्याच व्हॉल्व्हच्या मधोमध, थेट कमोडमध्ये उघडणारी. अर्धा आणि पूर्ण अशी दोन बटणं १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात आली आणि त्यांनी पाणी खरोखर वाचवलं. जुनी टाकी एका दमात दहा लिटर ओतायची, आताची तीन किंवा सहा. पण गळती घराच्या आत, नजरेआड गेली. खुद्द ब्रिटनने शंभर वर्षं सायफनचा हट्ट धरला आणि २००१ पासून व्हॉल्व्हला परवानगी दिली. तेव्हापासून तिथेही गळक्या कमोडची ओरड चालू आहे. तीन लिटरांत वाचवलेलं पाणी झिजलेल्या वॉशरमधून जात असेल, तर बटणं दोन काय नि चार काय!

आता दुरुस्तीकडे. प्लंबरला बोलावलं की झाकण उघडताच तो म्हणतो, “साहेब, पूर्ण सेटच बदलावा लागेल.” त्याचा दोष नाही. एकेक वॉशर शोधत बसण्यापेक्षा अख्खा सेट बसवणं त्याला वेळेच्या दृष्टीने परवडतं. आपल्याला मात्र आधी हे पाहायचंय की दोनांपैकी कुठला व्हॉल्व्ह बिघडलाय: पाणी आत घेणारा बॉल कॉक, की पाणी खाली सोडणारा फ्लश व्हॉल्व्ह. (दुकानात या दुसऱ्यालाही ‘सायफन’च म्हणतात, तसंच मागा.)

झाकण काढा आणि पाणी कुठवर आहे ते बघा. ओव्हरफ्लो नळीच्या काठापर्यंत येऊन आत सांडत असेल, तर बॉल कॉक बंद होत नाही. काठाच्या खाली असेल, तर टाकीत कपड्यांच्या निळीचे चार-पाच थेंब टाका आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडमधलं पाणी निळसर झालं, तर तळाचं वॉशर गळतंय. खात्री हवी असेल, तर पेन्सिलीने पातळीची खूण करून टाकीखालचा अँगल कॉक बंद करा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा. रात्री टाकी ‘आपोआप’ भरते तिथे हीच भानगड असते. पाणी थेंबाथेंबाने उतरतं, फ्लोट थोडा खाली येतो, बॉल कॉक उघडतो आणि तेवढं पाणी भरून काढतो.

बॉल कॉक बंद होत नसेल, तर आधी फ्लोट भिंतीला किंवा नळीला घासतोय का ते पाहा. जुन्या प्रकारात लांब दांडीला चेंडू असतो. तो हलवून बघा, आत पाणी खळखळत असेल तर तो फुटलाय. नव्या प्रकारात दांडीऐवजी उभा स्क्रू असतो. तो फिरवून पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या काठाच्या इंचभर खाली आणायची. एवढ्यानेही ‘सूं’ थांबली नाही, तर अँगल कॉक बंद करून कनेक्शन पाइप सोडवा. व्हॉल्व्हच्या तोंडाशी एक छोटी जाळी असते. टँकरचं किंवा बोअरचं पाणी येणाऱ्या इमारतींत ती वाळू आणि क्षाराने हमखास भरलेली सापडते. जाळी धुवा, आतलं वॉशर पाहा, कडक झालं असेल तर बदला.

आवाजाचे प्रकारही ओळखता येतात. टाकी भरत येताना शेवटी भोंगा वाजल्यासारखा आवाज आला, तर झिजलेलं वॉशर पाण्याच्या दाबाने थरथरतंय. भरणं थांबताना पाइपात ‘धाड’ झालं, तर पाण्याचा वेग फार आहे. इथे तुमचा मजला महत्त्वाचा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो भरतो. बारा मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्यावर साडेतीन किलोच्या आसपास दाबाने येतं, मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल तर. अँगल कॉक अर्धा आवळला की यातले निम्मे आवाज बंद होतात. टाकी भरायला एक मिनिट जास्त लागेल, लागू द्या. सगळ्यात वरच्या मजल्यावर गंमत उलटी. तिथे दाब इतका कमी की काही नवे व्हॉल्व्ह नीट मिटतच नाहीत, त्यांना मिटायलाही दाब लागतो. अशा घरी महागड्या व्हॉल्व्हपेक्षा जुना दांडीवाला बॉल कॉक बरा.

फ्लश व्हॉल्व्हचं काम तर त्याहून सोपं. अँगल कॉक बंद, फ्लश करून टाकी रिकामी, बटण काढा आणि मधला खांब थोडा फिरवून वर उचला. बहुतेक कंपन्यांचे खांब पाव आट्यात सुटतात. खाली वॉशर दिसेल. त्यावर आणि ज्या कडेवर ते बसतं तिच्यावर पांढरा खरखरीत थर असतो. ढोकळ्यात घालतात ते सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून वॉशर त्यात बुडवा, कड फडक्याने पुसून घ्या, सुरीने खरवडू नका. वॉशर वाकलेलं असेल, तर नवं मिळेपर्यंत उलटं करून बसवलं तरी काही दिवस निघतात. दुकानात जाताना जुनं वॉशर बरोबर न्या. “मध्यम साइजचं द्या” असं सांगून आणलेलं वॉशर सहसा बसत नाही.

टाकीच्या बाहेर फरशीवर पाणी येत असेल, तर कोरडा टिश्यू पेपर प्रत्येक जोडाला लावून बघा. ओला होईल तो जोड दोषी. प्लास्टिकचा नट हाताने आवळून वर फारतर पाव आटा. पान्याने ताकद लावली, तर नट तरी जाईल नाहीतर टाकी तडकेल. भिंतीत लपवलेल्या टाकीलाही घाबरू नका. बटणाची पाटी निघते आणि दुरुस्ती त्याच खिडकीतून होते, टाइल फोडायची गरज नसते. कुणी टाइल फोडायला निघालंच, तर आधी दुसऱ्याला विचारा.

टाकीत मोरी धुण्याचं ॲसिड ओतू नका, आणि ती सुगंधी निळी वडीही नको, विशेषतः क्लोरीनवाली. दोन्हींनी रबर कुजतं. पाणी वाचवायला वीट ठेवण्याचा सल्लाही विसरा. ती पाण्यात हळूहळू झिजते आणि तिची माती वॉशरखाली जाऊन बसते.

एप्रिल-मेमध्ये सोसायटीच्या मीटिंगला टँकरच्या बिलावरून वाद होतात. कुणाकडे पाहुणे आले, कुणी गाडी धुतली, याचे हिशेब निघतात. यंदा सेक्रेटरींनी त्या आधीच्या रविवारी प्रत्येक घरी टाकीत नीळ टाकून बघायला सांगावं आणि निळं पाणी निघालेल्या फ्लॅटची यादी मीटिंगमध्ये ठेवावी.