पाच दांड्यांचे भांडण

एखादी नवी वस्तू बाजारात येते न येते तोच तिच्याविषयी दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘अशी वस्तू आजवर झाली नाही.’ दुसरा म्हणतो, ‘निव्वळ लुबाडणूक आहे, कोणी घेऊ नका!’ दोघांचा आवाज चढलेला असतो आणि दोघांनाही आपल्या म्हणण्याची खात्री असते. ऐकणारा बिचारा मध्येच अडकतो. अशा वेळी कोणाचे खरे मानावे?

विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण एक खरे घडलेले भांडण तपासणार आहोत. त्यात कोट्यवधी रुपयांचा माल होता, एका बलाढ्य कंपनीची अब्रू होती आणि हजारो लोकांचा संताप होता. पण त्याच्या मुळाशी काय होते, तर तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत शिकवले जाणारे अनुनादाचे तत्त्व आणि गणिताच्या तासाला भेटणारा लघुगणक!

भांडणाची हकीकत

ॲपल या अमेरिकन कंपनीने २४ जून २०१० रोजी ‘आयफोन ४’ विक्रीस आणला. पहिल्या तीन दिवसांत त्याचे १७ लाख नग खपले. या फोनच्या कडेभोवती स्टेनलेस स्टीलची पट्टी होती आणि ती केवळ शोभेची नव्हती. तिचे तुकडे पाडून त्यांचाच अँटेना म्हणून उपयोग केला होता. तुकड्यांच्या मध्ये काळ्या रंगाच्या बारीक फटी होत्या. त्यांपैकी एक फट खालच्या बाजूला, डाव्या कडेवर होती.

पहिल्याच दिवशी तक्रारी सुरू झाल्या. फोन डाव्या हातात धरला की तळवा नेमका त्या फटीवर येतो आणि पडद्यावरच्या रेंजच्या दांड्या एकामागून एक नाहीशा होतात, असे लोक म्हणू लागले. कोणी चित्रफिती काढून जगाला दाखवल्या. त्यावर दुसऱ्या काही ग्राहकांनी उत्तर दिले, ‘आमच्या फोनवर असे काहीच होत नाही. तुम्ही उगाच राईचा पर्वत करता.’ कंपनीने सांगितले की हातात धरल्यावर कोणत्याही फोनची रेंज थोडी कमी होतेच. तेव्हा फोन त्या ठिकाणी धरू नका, किंवा त्याला वेष्टन घाला. हे ऐकून तक्रार करणारे अधिकच चिडले. फोन हातात धरायचा नाही, तर मग धरायचा कुठे?

२ जुलैला कंपनीने एक पत्र प्रसिद्ध केले. दांड्या किती दाखवायच्या हे ठरवणारे आपले सूत्रच चुकीचे आहे आणि पुष्कळदा ते हव्यात त्यापेक्षा दोन दांड्या जास्त दाखवते, अशी कबुली त्यात होती. अनेकांना ही सबब ‘नाचता येईना अंगण वाकडे’ या थाटाची वाटली. १२ जुलैला ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ या ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेने, बाहेरच्या रेडिओ लहरी आत येणार नाहीत अशा खोलीत चाचण्या घेऊन जाहीर केले की दोष खरा आहे आणि हा फोन घ्या अशी शिफारस आम्ही करू शकत नाही. गंमत म्हणजे, इतर गुणांत त्याच संस्थेने या फोनला सर्वांत वरचे गुण दिले होते!

अँटेनाला बोट लागले तर काय होते?

आता आपण भांडणातून बाहेर पडू आणि फोनकडे भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहू.

अमेरिकेत हा फोन ८५० आणि १९०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या कंप्रतांवर काम करीत असे. रेडिओ लहरींचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. वेगाला कंप्रतेने भागले की तरंगलांबी मिळते. ८५० मेगाहर्ट्‌झसाठी ती सुमारे ३५ सेंटिमीटर येते, तर १९०० मेगाहर्ट्‌झसाठी सुमारे १६ सेंटिमीटर. अँटेनाची लांबी तरंगलांबीच्या ठरावीक हिश्शाइतकी, उदाहरणार्थ पाव हिश्शाइतकी असली, तर तो त्या लहरींना उत्तम दाद देतो. ३५ चा पाव हिस्सा सुमारे ९ सेंटिमीटर. फोनची उंची साडेअकरा सेंटिमीटर होती. म्हणजे कडेच्या पट्टीचा अँटेना करण्याची कल्पना मुळात वेडगळ नव्हती. उलट, अँटेना पेटीच्या आत कोंडण्यापेक्षा बाहेर आणला की त्याला जागा मोकळी मिळते.

पण तंबोऱ्याची तार आठवा. ती नीट जुळवून ठेवली असताना कोणी तिच्यावर मध्येच बोट टेकवले तर काय होईल? तार तुटणार नाही, पण सूर बदलेल आणि आवाजही दबेल. अँटेनाचे असेच आहे. आपल्या शरीरात पाणी आणि क्षार भरपूर असल्याने ते रेडिओ लहरींसाठी बऱ्यापैकी वाहक ठरते. तळहात त्या फटीवर टेकला की वेगळे ठेवलेले दोन तुकडे विजेच्या दृष्टीने जोडले जातात. अँटेनाची जुळणी बिघडते आणि तो हव्या त्या कंप्रतेला पूर्वीसारखी दाद देत नाही.

याशिवाय दुसरा परिणाम असतो. हात स्वतःच काही लहरी शोषून घेतो. हा परिणाम मात्र सर्वच फोनांत होतो. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल: ‘हात लावला की सर्वच फोनांची रेंज कमी होते’ हे कंपनीचे म्हणणे खरे होते, पण अर्धेच खरे. फटीवर हात पडल्याने जुळणी बिघडणे हे या फोनच्या रचनेचे खास दुखणे होते. फोनला रबराचे वेष्टन घातले की हात धातूला टेकत नाही आणि हे दुखणे बरेच कमी होते. फटीवर जाड चिकटपट्टी लावा, असा साधा उपाय ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’नेही सुचवला होता.

मग काहींना दोष का दिसला नाही?

येथे लघुगणक मदतीला येतो. फोनपर्यंत पोचणारी शक्ती अतिशय सूक्ष्म असते आणि ती जागोजागी लाखो पटींनी बदलते. असले आकडे लिहिणे गैरसोयीचे, म्हणून डेसिबेल हे माप वापरतात. शक्ती १० पट कमी झाली की १० डेसिबेल उतरतात, १०० पट कमी झाली की २०, आणि १००० पट कमी झाली की ३०. एक मिलिवॉट शक्तीला शून्य मानून मोजले, तर फोनला मिळणारी शक्ती उणे आकड्यांत येते. उणे ५१ म्हणजे उत्तम रेंज. उणे ११३ म्हणजे जेमतेम धुगधुगी.

‘आनंदटेक’ या तंत्रविषयक नियतकालिकाच्या परीक्षकांनी जून २०१० मध्येच दांड्यांवर विसंबणे सोडून दिले आणि फोनला प्रत्यक्ष आकडे दाखवायला लावले. नेहमीसारखा हातात धरल्यावर सुमारे २० डेसिबेल आणि घट्ट मुठीत धरल्यावर सुमारे २४ डेसिबेल घट त्यांना आढळली. २० डेसिबेल म्हणजे शक्ती शंभरावा हिस्सा उरली! त्यांनी दांड्यांचे कोष्टकही शोधून काढले. ते साधारण असे होते:

उणे ५१ ते उणे ९१: पाच दांड्या
उणे ९१ ते उणे १०१: चार दांड्या
उणे १०१ ते उणे १०३: तीन दांड्या
उणे १०३ ते उणे १०७: दोन दांड्या
उणे १०७ ते उणे ११३: एक दांडी

हे कोष्टक नीट पाहा. एकूण ६२ डेसिबेलच्या पट्ट्यापैकी ४० डेसिबेल एकट्या पाचव्या दांडीने बळकावले आहेत! उरलेल्या चार दांड्या २२ डेसिबेलमध्ये दाटीवाटीने उभ्या आहेत.

आता तीन ग्राहक घ्या. पहिला टॉवरजवळ राहतो. त्याचा आकडा उणे ६०. फोन मुठीत धरल्यावर २० डेसिबेल गेले, आकडा उणे ८० झाला. दांड्या? पाचच्या पाच. दुसऱ्याच्या घरी उणे ९०. पडद्यावर त्यालाही पाचच दांड्या दिसतात. फोन हातात घेतला, आकडा उणे ११० वर गेला आणि राहिली एक दांडी! तिसऱ्याकडे उणे १००, म्हणजे चार दांड्या. हातात घेताच आकडा उणे १२०, आणि संभाषण तुटले.

तिघांचे फोन सारखे, तिघांची घटही सारखी. तरीही पहिला शपथेवर सांगणार की दोष नाही, दुसरा चित्रफीत काढणार आणि तिसरा दुकानात जाऊन भांडणार. तिघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. प्रत्येकाने आपल्या घरातला अनुभव साऱ्या जगाला लागू केला, घोटाळा झाला तो तेथे.

सूत्र चुकले, ही कंपनीची कबुलीही आता तपासता येईल. उणे ९० ला पाच दांड्या दाखवणे ही दिशाभूलच होती. १५ जुलैला कंपनीने सूत्र सुधारले आणि खालच्या दांड्या नीट दिसाव्यात म्हणून त्यांची उंचीही थोडी वाढवली. पण तापमापकावरच्या खुणा बदलून ताप उतरतो काय? दांड्या कशाही मांडल्या, तरी गेलेले २० डेसिबेल परत येत नाहीत.

दुसऱ्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच परीक्षकांना असेही आढळले की उणे ११३ इतक्या क्षीण रेंजमध्ये हा फोन कंपनीच्या आधीच्या फोनपेक्षा संभाषण चांगले टिकवून धरतो. म्हणजे एकाच फोनमध्ये एक गुण आणि एक दोष शेजारी शेजारी नांदत होते. ज्यांनी ‘उत्तम’ किंवा ‘टाकाऊ’ एवढेच दोन शब्द हाती धरले होते, त्यांना हे दिसणे कठीण होते.

टक्क्यांचे कोडे

१६ जुलै २०१० रोजी कंपनीने पत्रकार परिषद घेतली आणि आकडे मांडले. अँटेनाविषयी तक्रार करणारे ग्राहक ०.५५ टक्के, म्हणजे हजारात पाच-सहा. परत आलेले फोन १.७ टक्के, आधीच्या फोनच्या वेळी हेच प्रमाण ६ टक्के होते. संभाषण तुटण्याचे प्रमाण आधीच्या फोनपेक्षा दर शंभरामागे एकाहूनही कमीने वाढलेले. मग एवढा गदारोळ कशाला?

आकडे खरे मानले तरी ते कशाचे आहेत, हे विचारले पाहिजे. ०.५५ टक्के हे तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण आहे, दोष असलेल्या फोनांचे नव्हे. टॉवरजवळच्या पहिल्या ग्राहकाला दोष असूनही दिसत नाही. ज्याने वेष्टन घातले तो तक्रार करीत नाही. कोणी सारा दोष टॉवरवाल्या कंपनीला देऊन गप्प बसतो. उलट बाजूनेही हेच. गावभर ओरड ऐकू आली म्हणून गावातले सगळे आजारी आहेत असे ठरत नाही. ज्याचे दुखते तो ओरडतो, ज्याचे दुखत नाही तो आपल्या कामात असतो. म्हणून नुसत्या आरडाओरड्यावरून प्रमाण काढता येत नाही आणि नुसत्या टक्क्यांवरून दोष नाही असे म्हणता येत नाही.

शेवटी कंपनीने ३० सप्टेंबरपर्यंत ग्राहकांना वेष्टन फुकट दिले. अमेरिकेतील न्यायालयात गेलेला दावा २०१२ मध्ये तडजोडीने मिटला. ग्राहकाला १५ डॉलर किंवा वेष्टन, असा पर्याय मिळाला. मधल्या काळात, ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या ‘आयफोन ४ एस’मध्ये दोन अँटेना ठेवले होते. जो चांगले काम करीत असेल तिकडे फोन आपोआप वळे. या बदललेल्या रचनेचे उत्तर कोणत्याही पत्रकापेक्षा अधिक बोलके होते.

आता तुम्हीच मोजा

घरी अँड्रॉइड फोन असेल तर मोठ्यांच्या परवानगीने हा प्रयोग करा. बहुतेक फोनांत सेटिंग्जमध्ये फोनविषयीची माहिती असते. तेथे सिमची स्थिती पाहा. सिग्नलची तीव्रता उणे आकड्यांत दिसेल. आजच्या ४जी फोनवरचा आकडा वेगळ्या पद्धतीने मोजलेला असतो, म्हणून वरच्या कोष्टकाशी त्याची तुलना करू नका. आपल्याच आकड्यांची आपसांत तुलना करा.

प्रथम फोन टेबलावर ठेवा आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने दहा नोंदी घ्या. हात न लावताही आकडा वरखाली होतो असे दिसेल. किती होतो ते लिहून ठेवा. ते तुमच्या मोजणीतले चढउतार. मग फोन उजव्या हातात, डाव्या हातात आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून प्रत्येकी दहा नोंदी घ्या आणि सरासरी काढा. सरासरीतला फरक आधीच्या चढउतारांपेक्षा स्पष्टपणे मोठा असेल, तरच हाताचा परिणाम झाला असे म्हणा. शेवटी फोन स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावा आणि दुसऱ्या फोनवरून त्याला रिंग द्या. पुष्कळदा तो डब्यातही वाजतो! शक्ती हजार पटींनी घटली तरी ते ३० डेसिबेलच. रेंज मुळात चांगली असेल तर तेवढे सोसूनही फोनला पुरेसे उरते.

शिक्षकांनी वर्गातील वेगवेगळ्या वस्त्यांतल्या मुलांच्या नोंदी फळ्यावर एकत्र मांडाव्यात. टॉवरजवळची आणि टॉवरपासून दूरची घरे वेगळी करून पाहिली, तर एकाच फोनविषयी लोक इतके उलटसुलट का बोलतात, हे मुलांना आपोआप उमगेल.

आणि पुढच्या वेळी कोणी एखाद्या नव्या वस्तूला डोक्यावर घेईल किंवा पायदळी तुडवील, तेव्हा त्याला चार प्रश्न विचारा. तुम्ही नेमके काय मोजलेत? कशाने मोजलेत? कुठे आणि किती वेळा मोजलेत? आणि कशाशी तुलना केलीत? चारांपैकी दोनांची जरी उत्तरे मिळाली, तरी ते मत थांबून ऐका. एकही मिळाले नाही, तर फोन टेबलावर ठेवा, वही उघडा आणि पहिली नोंद स्वतः घ्या.