कृत्रिम सांध्याचा गुळगुळीतपणा आणि लेझरची पारख

औसा परिसरात शेतीकामात उभी हयात घालवलेल्या काही रुग्णांना खुब्याचा कृत्रिम सांधा बसवावा लागतो. त्या वेळी नातेवाईक व देणगीदार एक रास्त प्रश्न विचारतात : दिसायला सारखाच असलेला, परंतु प्रमाणपत्र नसलेला स्वस्त सांधा का चालत नाही? याचे उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या पृष्ठभागात आहे.

या सांध्यात बहुधा धातूचा गोळा पॉलिथिलीनच्या वाटीत वर्षानुवर्षे फिरत असतो. गोळ्यावर ओरखडा असल्यास वाटी लवकर झिजते. झिजेच्या सूक्ष्म कणांमुळे भोवतालचे हाड क्षीण होऊन सांधा सैल होतो व पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मानकानुसार धातूच्या गोळ्याचा सरासरी खडबडीतपणा ०.०५ मायक्रॉनपेक्षा अधिक असता कामा नये. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून ही मर्यादा ध्यानी यावी.

इतका सूक्ष्म उंचसखलपणा मोजू शकणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे डिजिटल होलोग्राफिक सूक्ष्मदर्शक. होलोग्राफीच्या शोधाबद्दल डेनिस गाबोर यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या सूक्ष्मदर्शकात लेझरचा किरण दुभागला जातो. एक भाग तपासावयाच्या पृष्ठभागावरून परततो, दुसरा वेगळ्या वाटेने येतो. कॅमेऱ्यावर दोहोंच्या मिलनातून उजेड-अंधाराच्या रेषा उमटतात; हाच होलोग्राम. खळग्यातून परतणाऱ्या प्रकाशाला अधिक अंतर कापावे लागते, त्यामुळे तेथील रेषा सरकतात. त्यावरून संगणक प्रत्येक बिंदूची उंची नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मायक्रॉनच्या हजाराव्या भागांत, काढतो. पृष्ठभागाला सुई टेकवावी लागत नाही. त्यामुळे तपासणीतच ओरखडा पडण्याचे भय नसते. मात्र उंचीत एकदम मोठी पायरी आल्यास एका रंगाचा लेझर फसू शकतो. तेथे दोन रंगांचे लेझर वापरतात.

असे यंत्र आमच्याकडे नाही व त्याची येथे आवश्यकताही नाही. ती पारख उत्पादकाने व प्रयोगशाळेने करावयाची. तेथे सिद्ध झालेला गुळगुळीतपणा रुग्णाच्या शरीरात पोहोचेपर्यंत जपणे, हे आमचे कर्तव्य होय. त्याकरिता प्रमाणित सांधाच घेणे, निर्जंतुक वेष्टन शस्त्रक्रियागृहातच उघडणे आणि गोळ्याला धातूचे हत्यार लागू न देणे, हे नियम आम्ही पाळतो. वेष्टनावरील क्रमांकाची चिठ्ठी रुग्णाच्या कागदपत्रांत लावली जाते. नातेवाइकांनी ती जपून ठेवावी; पुढे तक्रार उद्भवल्यास कोणता सांधा बसविला आहे, हे तीवरूनच कळते.

देणगीतील जादा रक्कम कोठे खर्च होते, याचा हा हिशेब आहे.