राहणारा बैल, जाणारी भुलाबाई

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या घरांमध्ये पावसाळा सरत येताना मुलांच्या हाती दोन खेळणी येतात. एक लाकडाचे, दुसरे मातीचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तान्हा पोळा भरतो आणि लहान मुले चाकांचा लाकडी बैल दोरीने ओढत चौकात नेतात. त्यानंतर पंधरवड्याने, भाद्रपद पौर्णिमेला, मुली भुलाबाई मांडतात. सण संपला की बैल घरी परत येतो. भुलाबाई मात्र बहुतेक घरांतून कोजागरीनंतर पाण्यात जाते.

सणांच्या पुस्तकांत ही दोन्ही वेगवेगळ्या पानांवर भेटतात. एकाच घरातल्या भाऊ-बहिणीची खेळणी म्हणून ती शेजारी ठेवून पाहिली, तर घरात काय राहायचे आणि काय जायचे, याचा एक जुना हिशेब त्यांत दिसतो. तो हिशेब खेळण्यांपुरता नाही. परसातल्या बियाण्यांपर्यंत आणि जमिनीच्या कागदांपर्यंत तो पोचतो.

माळ्यावरचा बैल

श्रावण अमावास्येचा पोळा मोठ्यांचा. खांद शेकून, शिंगे रंगवून, झूल घालून बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात आणि झडत्यांची चढाओढ होते. दुसरा दिवस तान्ह्यांचा, म्हणजे लेकरांचा. तान्हा पोळा ही नागपूर आणि त्याच्या पूर्व-दक्षिणेच्या मुलखाची खास गोष्ट आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळाशी तिचा संबंध सांगितला जातो. लाकडी नंदी सजवून मुले रांगेत उभी करतात, पूजा होते, मग घरोघर फिरून बोजारा गोळा होतो. गड्याला पोळ्याचा बोजारा देतात तसाच हा लेकरांचा बोजारा. कुणी नाणे देते, कुणी खाऊ.

हा बैल पूर्वी गावचा सुतार घडवी. शेतीची अवजारे करणारा तोच हात उरलेल्या लाकडाच्या तुकड्यातून वशिंड, शिंगे आणि पाय काढी. खाली फळी, फळीला चार चाके. लाकूड टिकाऊ, त्यामुळे एक बैल दोन-तीन पिढ्या पुरतो. वर्षभर तो माळ्यावर किंवा फडताळात असतो, पोळ्याच्या आधी खाली उतरतो, नवा रंग लागतो. आजोबांचा बैल नातवाकडे येतो. अनेक घरांत हा बैल म्हणजे मुलाला मिळणारा पहिला वारसा असतो.

ज्वारीच्या मांडवातली भुलाबाई

भुलाबाई म्हणजे मातीची पार्वती. सोबत भुलोजी म्हणजे शंकर, आणि पुष्कळदा मांडीवर गणपती. पार्वतीने भिल्लिणीचे रूप घेतले म्हणून हे नाव, असे लोक सांगतात. पश्चिम महाराष्ट्रातला भोंडला, खानदेशातली गुलाबाई आणि विदर्भातली भुलाबाई या एकाच कुळातल्या. महिनाभर संध्याकाळी मुली एकमेकींच्या घरी जमतात, टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा खेळ होतो. डब्यातला खाऊ कुणालाही ओळखता येऊ नये, यासाठी प्रत्येक आई आपली अक्कल पणाला लावते.

गाण्यांचा विषय मात्र खेळाचा नाही. सासर, माहेर, सासूची बोलणी, न्यायला येणारा भाऊ, रुसवा आणि परतीची वाट. आठ-दहा वर्षांची मुलगी या गाण्यांतून अजून न आलेल्या आयुष्याचा सराव करत असते. महिना भरतो, कोजागरीला ज्वारीच्या ताटांचा मांडव करून त्याखाली भुलाबाई बसते, आणि मग तिची पाठवणी होते.

हा मांडव नीट पाहण्यासारखा आहे. तो ज्वारीच्याच ताटांचा होतो, कारण हा मुळात ज्वारीच्या मुलखाचा सण आहे. चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तोंडवळे आहेत. वरोरा, भद्रावती, राजुऱ्याकडची काळी जमीन कापूस-ज्वारीची. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावलीकडची झाडीपट्टी तलावांची आणि धानाची. आश्विनात काळ्या जमिनीवर ज्वारी उभी असे, म्हणून पाच ताटे आणणे हा मुलींच्या डाव्या हाताचा मळ होता. विदर्भात ज्वारीची जागा सोयाबीन आणि कापसाने घेतली, तशी ही ताटे शोधावी लागू लागली. सोयाबीनच्या झुडपाचा मांडव होत नाही. सण मागे पडण्यामागे दूरचित्रवाणी आणि मोबाइल ही कारणे आपण चटकन सांगतो. शेतातले पीक बदलले, हे कारण तितकेच खरे आहे.

सीमेपलीकडच्या बहिणी

या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आणखी दोन भाषा सुरू होतात. दक्षिणेला सिरोंच्याकडे प्राणहिता-गोदावरीच्या काठी तेलुगू, पूर्वेला कोरचीकडे छत्तीसगडी. दोन्हीकडे मुली आणि सुनांचे असेच सण आहेत.

तेलंगणाची बतुकम्मा सर्वपित्री अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत चालते. सिरोंचा भागातल्या तेलुगू घरांतही ती मांडतात. तिच्यात मूर्ती नसते. ताटात फुलांचे थर रचत निमुळता मनोरा करतात. शेतात तण म्हणून उपटला जाणारा कुरडू, रानातला तरवड, परसातला झेंडू आणि भोपळ्याचे फूल, असा हा शेत, रान आणि परस यांचा मेळ. सासरी गेलेल्या मुली यासाठी माहेरी येतात, फेर धरून गातात, आणि शेवटच्या दिवशी बतुकम्मा तळ्यात सोडतात. ‘बतुकु’ म्हणजे जगणे. २०१४ मध्ये तेलंगणाने हा राज्याचा सण ठरवला.

छत्तीसगडात वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे अक्तीला, मुले मातीच्या पुतरा-पुतरीचे लग्न लावतात. मांडव, हळद, वरात, सगळे खरे. त्याच दिवशी गावदेवापुढे धानाचे बियाणे ठेवून शेतीचे वर्ष सुरू करतात. बाहुलीचे लग्न आणि बियाण्याची पूजा एकाच दिवशी येणे हा योगायोग नसावा. मुलगी आणि बी, दोन्ही एका जागेतून दुसऱ्या जागेत जाऊन रुजणार, ही शेतकरी समाजाची जुनी समजूत त्यामागे दिसते.

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. माती विरघळते आणि लाकूड टिकते, यात हिशेब कसला? गणपतीही विसर्जित होतोच की. बरोबर आहे. विसर्जनात कमीपणा नाही. पुढच्या वर्षी पुन्हा घडवायचे असल्यामुळे तर हाताची कला जिवंत राहते. पण प्रश्न देवाचा नाही, दुसऱ्या दिवशीच्या लेकरांचा आहे. भावाकडे त्याचा बैल उरतो. बहिणीकडे गाणी उरतात, आणि त्या गाण्यांतही निघायची तयारीच असते.

सूप, ढोली आणि बांबूचा हक्क

मुलगी निघते ती रिकाम्या हाताने नाही. तिच्यासोबत रुखवत जाते, आणि त्यात तिने व तिच्या आई-मावश्यांनी केलेल्या वस्तू असतात. लग्नातली सुपे आणि टोपल्या बुरडाच्या घरून येतात. झाडीपट्टीतले घर बांबूवर उभे होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती नाही. धान साठवायची शेणामातीने लिंपलेली ढोली, पाखडायचे सूप, कोंबड्या झाकायची डाल, आडोशाचे तट्टे, वेलाचा मांडव. या जंगलातला मानवेल बारीक आणि भरीव, कटांग जाड आणि काटेरी. विणकामाला हिरवा बांबू लागतो. वाळला की त्याच्या कामट्या वाकत नाहीत, मोडतात. म्हणून वेळेवर बांबू मिळणे हाच बुरड कामाचा कणा.

आणि तो मिळणे कधीच सोपे नव्हते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबू झाडांत मोडत होता. तो तोडायला आणि न्यायला परवाना हवा. बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे याच जंगलांतून बांबू जात असताना सूप विणणाऱ्याला चार बांबूंसाठी खेपा घालाव्या लागत. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी वाहतूक परवान्याचा प्रश्न राहिला होताच. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा तो सुटला. पुढे २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. चिचपल्लीला २०१४ पासून बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे शिकलेले हात दागिने, राख्या, शोभेच्या वस्तू करतात. त्यातून बायकांच्या हाती रोख पैसा येतो, ही मोठी गोष्ट आहे. मात्र बाजारासाठी केलेली वस्तू गिऱ्हाईक ठरवते. घरासाठी केलेले सूप घरातली बाई ठरवत असे, तिच्या हाताच्या मापाने.

सांदवाडीतला वारसा

घरामागची भाजीची वाडी, म्हणजे सांदवाडी, ही या घरातली बाईच्या हुकमतीची जागा. भोवती काट्यांचे नाही तर तट्ट्याचे कुंपण, आत वाल, चवळी, दोडका, कोहळे, काकडी, वांगी, आंबाडी, चार झेंडू. पहिले टपोरे फळ तोडायचे नाही, ते बियाण्यासाठी वेलावरच वाळू द्यायचे, हा नियम. बी राखेत घोळून मडक्यात किंवा वाळल्या दुधी भोपळ्यात ठेवायचे. माडिया-गोंड समाजात तर पेरणीआधी बियाण्यांचा स्वतंत्र सणच आहे, बीज पंडुम.

मुलगी सासरी जाते तेव्हा आणि पुढे प्रत्येक माहेरपणाला चिंधीत बांधलेले बी तिच्यासोबत जाते. म्हणून सांदवाडीत आजही एखाद्या वेलाला सासूच्या माहेरच्या गावाचे नाव असते. भावाचा बैल एका घरात तीन पिढ्या राहतो. बहिणीचे बी तीन पिढ्यांत तीन गावे फिरते. जाणारीने नेलेला हा वारसा कुठल्याही कागदावर नाही. संकरित बियाण्याची पुडी दरवर्षी विकत घ्यायची सवय लागली की तो एका हंगामात संपतो, कारण संकरित वेलाचे बी पुढच्या वर्षी मूळ वेलासारखे उगवत नाही.

कागद काय म्हणतो

आणि ज्या जमिनीवर ती सांदवाडी आहे, तिचे काय? महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद काढला. तरी या दोन जिल्ह्यांतल्या फार मोठ्या समाजाला हा कायदाच लागू नाही. अनुसूचित जमाती त्याच्या कलम २(२) ने बाहेर आहेत, तिथे रूढी चालते. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सांगितले की, मुलीला वगळणारी रूढी सिद्ध होत नसेल तर केवळ ती बाई आहे म्हणून तिचा वाटा नाकारता येणार नाही. वनहक्क कायदा याबाबत अधिक स्पष्ट आहे. त्याखाली मिळणाऱ्या कसण्याच्या जमिनीचा पट्टा, जास्तीत जास्त ४ हेक्टरचा, विवाहितांच्या बाबतीत नवरा-बायको दोघांच्या नावे व्हावा लागतो. झाडीतल्या कितीतरी बायकांचे नाव जमिनीच्या कागदावर आले ते या पट्ट्यामुळेच.

कायदा बदलला तरी कागद आपोआप बदलत नाही. बहिणीकडून हक्कसोड करून घेण्याची चाल गावोगाव आहे. भाऊबीजेची ओवाळणी आणि हक्कसोडपत्र एकाच घरात, एकाच प्रेमाने पार पडते. बहीणही सही करते, कारण भावाशी बोलणे तुटले तर माहेर तुटेल, ही भीती भुलाबाईच्या गाण्यांइतकी जुनी आहे. खेळण्यांनी हे घडवले असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण जे सरळ सांगायला घर संकोचते, ते खेळण्यांतून लहानपणीच सांगून झालेले असते.

परंपरेतच याला छेद देणाऱ्या जागाही आहेत. भुलाबाईच्या मांडवाची तीच कोजागरी. त्या रात्री घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात, ते अपत्य मुलगा असो वा मुलगी. तान्ह्या पोळ्याच्या रांगेत आता नऊवारी नेसून बैल ओढणाऱ्या मुली सर्रास दिसतात. छायाचित्रे निघतात, बक्षिसेही मिळतात. त्यापुढचा प्रश्न साधा आहे: सण झाल्यावर तो बैल कुणाचा म्हणून माळ्यावर जातो?

दिवाळीच्या आवराआवरीत माळा झाडताना तो लाकडी बैल खाली आलाच असेल. त्याच्या फळीच्या खालच्या बाजूला तो कुणी घडवला, कोणकोण त्याच्याशी खेळले, ती नावे लिहून ठेवावीत, मुलींचीही. सांदवाडीतल्या वेलांची नावे आणि ते बी कोणत्या गावाहून कुणी आणले, हे आई-आजीला विचारून एका वहीत उतरवावे. आणि भाऊबीजेला बहीण घरी आली की सातबाराचा ताजा उतारा दोघांनी एकत्र बसून वाचावा. वाचायला दहा मिनिटे लागतात.