नाव झाका, नोंद राखा

वाशीच्या मार्केटला तुमचा कांदा-बटाटा जातो, त्याच वाटेनं गावची पोरं हमालीला, गाडीवर क्लीनर म्हणून नवी मुंबईला जातात. त्यांतल्या कुणाला एचआयव्हीची लागण असेल, तर सरकारी एआरटी केंद्रात गोळ्या मोफत मिळतात. ही सोय १ एप्रिल २००४ पासून आहे.

केंद्रात रुग्णाचं वजन, रक्ताचा तपास, गोळ्या कधी नेल्या हे सारं लिहिलं जातं. पूर्वी रजिस्टर होतं, आता संगणक आला. अनेक ठिकाणच्या अशा नोंदी एकत्र केल्या, की कोणती गोळी कुणाला सोसते ते डॉक्टरांना कळतं. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘टाहोड’ या आशियाई अभ्यासात पुण्याचं ससूनही सामील झालं. त्यात रुग्णाचं नाव जात नाही, क्रमांक जातो.

पण सुगीला माणूस गावी येतो अन् न सांगता इथंच राहतो. तिकडच्या नोंदीत तो बेपत्ता! गोळ्यांत खंड पडला, की विषाणू औषधाला दाद देत नाही. अभ्यासाचा हिशेबही चुकतो. तेव्हा निघण्याआधी केंद्रातून ट्रान्सफरचा कागद घ्या आणि आपल्या जिल्ह्याच्या केंद्रात नाव लावा.

सरपंच, पोलीस पाटील मंडळींनो, २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाची लागण उघड करणं गुन्हा ठरू शकतं. चावडीवर नाव फुटलं, की माणूस केंद्राची पायरी चढत नाही. मग कसली नोंद अन् कसलं औषध?