गळ्यातला 'क्वांटम'

आमच्या चाळीतल्या एका ताईंनी धुण्याभांड्याच्या पगारातून पोरासाठी काळे गोल लॉकेट घेतले. विकणारा म्हणाला, "यात क्वांटम ऊर्जा आहे. मोबाइलच्या लहरी अडतात, दमा जातो. आता पंप नको." ताईंनी आम्हाला विचारले, "विज्ञानाचे आहे म्हणतात, मग खरेच असेल ना?"

शब्द खरा आहे, ताई. तापलेल्या वस्तूची ऊर्जा सलग नव्हे, ठरावीक पुड्यांनी बाहेर पडते, असे मॅक्स प्लँक यांनी १९०० साली मांडले. मोबाइलमधली चिप याच शास्त्रावर चालते. पण त्याने लॉकेटातून दमा बरा होत नाही. पूर्वी ताईत मंत्राच्या नावाने खपे, आता इंग्रजी शब्दाने, एवढाच फरक!

ताईताचा दोरा निदान किरण तरी सोडत नसे. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये अशा दहा वस्तूंबद्दल लोकांना सावध केले. त्यांत क्वांटम पेंडंटही होते. मोबाइलच्या लहरींपासून वाचवणाऱ्या म्हणून खपणाऱ्या या वस्तूंतच किरणोत्सर्गी पदार्थ सापडले. दीर्घकाळ अंगावर राहिल्यास अपाय होऊ शकतो, वापरू नका, असे खात्याने बजावले.

ताईंनी लॉकेट काढले. डॉक्टरांनी दिलेला पंप चार दिवस फळीवर पडून होता. तो त्याच रात्री पुन्हा सुरू झाला.