उष्टावणानंतरचा घास बाळाच्या हातात

आपल्या बालविभागात मधली सुट्टी झाली की एक दृश्य दरवर्षी हमखास दिसते. डबा उघडलेला असतो, आत पोळीचा लाडू किंवा पोहे असतात आणि साडेतीन-चार वर्षांचे मूल नुसते डब्याकडे बघत बसलेले असते. भूक नसते असे नाही. कोणीतरी येऊन आपल्याला भरवील याची ते वाट बघत असते. आईशी बोलल्यावर कळते की घरी एकेक जेवण तासभर चालते, समोर टीव्ही किंवा मोबाइल असतो आणि घास तोंडात केव्हा गेला हे मुलाला कळतही नाही. मी हा वर्ग बरीच वर्षे सांभाळला. ही सवय दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लागते, असे मला तेव्हा वाटे. नातीच्या वेळी लक्षात आले की तिची सुरुवात पुष्कळदा अगदी पहिल्या घासापासून होते.

नातीला सातवा महिना लागला आणि तिचे उष्टावण झाले. मामाच्या मांडीवर बसून चांदीच्या वाटीतली खीर चाटून झाली. दुसऱ्या दिवशी मी हौसेने मुगाची खिचडी पातळ घोटून ठेवली होती. सूनबाईंनी मात्र वाफवलेल्या लाल भोपळ्याची बोटाएवढी फोड तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "आई, तिला स्वतः उचलू द्या." मला ते मुळीच पटले नाही. तोंडात एक दात नाही, बसायला जेमतेम येते, आणि हातात फोड! चार दिवस घरात अबोलाच होता म्हणा ना. नंतर मी या विषयाचे वाचले, आमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारले आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. ते पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

या पद्धतीला 'बेबी-लेड वीनिंग' म्हणतात. इंग्लंडमध्ये आरोग्यसेविका म्हणून अनेक वर्षे काम केलेल्या गिल रॅपली यांनी ट्रेसी मर्केट यांच्याबरोबर २००८ साली यावर पुस्तक लिहिले आणि हे नाव सर्वत्र पोहोचले. त्यामागचा विचार साधा आहे. अंगावर पिणारे बाळ किती प्यायचे हे पहिल्या दिवसापासून स्वतःच ठरवते; पोट भरले की तोंड बाजूला करते. मग अन्न सुरू झाल्यावर ते ठरवण्याचा अधिकार एकदम आपण आपल्याकडे का घ्यावा? काय द्यायचे आणि केव्हा द्यायचे हे मोठ्यांनी ठरवावे; खायचे की नाही आणि किती, हे बाळाने.

मात्र त्यासाठी बाळाची तयारी हवी. सहा महिने पूर्ण झालेले असावेत, थोड्या आधाराने ते ताठ बसत असावे, मान सावरत असावे, वस्तू उचलून नेमकी तोंडाकडे नेत असावे आणि तोंडात घातलेले जिभेने बाहेर ढकलणे कमी झालेले असावे. जागतिक आरोग्य संघटनाही सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे असेच सांगते. आपल्याकडे मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करतात. मुलीचे पाचव्यात करण्याची घाई नको, सातवा अगदी सोयीचा. मुलाचे सहाव्यात करायचे असेल तर तो महिना संपता संपता करावे. अपुऱ्या दिवसांचे किंवा वजन कमी असलेले बाळ असेल तर हे सारे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

आता माझ्या भीतीविषयी. तिसऱ्या की चौथ्या दिवशी नातीने भोपळ्याचा मोठा तुकडा तोडला आणि ओकारी काढली. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी. मी धावत जाऊन तिच्या तोंडात बोट घातले. ही माझी चूक होती आणि ती मोठी चूक होती, हे मला नंतर कळले. न बघता घातलेल्या बोटाने तुकडा आणखी आत ढकलला जातो. बाळांच्या जिभेवर ओकारी आणणारी जागा मोठ्यांपेक्षा बरीच पुढे असते, त्यामुळे घास घशापर्यंत जाण्याआधीच तो बाहेर ढकलला जातो. ही निसर्गाने केलेली राखण आहे. ओकारी येते तेव्हा बाळ आवाज करते, खोकते, लाल होते. अशा वेळी आपण शांत बसून लक्ष ठेवायचे. खरी घुसमट मात्र बहुधा मुकी असते: आवाज नाही, खोकला नाही, रडू फुटत नाही, ओठ निळसर होऊ लागतात. तेव्हा क्षणही दवडू नये. बाळाला हातावर पालथे धरून डोके छातीपेक्षा खाली ठेवावे, मानेला आधार द्यावा आणि दोन्ही खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच वेळा जोराने थोपटावे. तुकडा निघाला नाही तर उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा आणि घास निघेपर्यंत हेच आलटून पालटून करावे. दुसऱ्याने तोवर रुग्णवाहिका बोलवावी. बाळ निपचित पडले तर छातीदाब व श्वास द्यावे लागतात. हे वाचून येत नाही. घरातल्या प्रत्येकाने, आजी-आजोबांनी आणि बाळ सांभाळणाऱ्या बाईंनीसुद्धा, डॉक्टरांकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावे. चमच्याने भरवणाऱ्यांनीही.

चमच्याने भरवणाऱ्यांनीही, असे मी मुद्दाम म्हणते. न्यूझीलंडमध्ये डनेडिन येथे सुमारे २०० कुटुंबांवर अभ्यास झाला. एका गटातील मातांना धोक्याचे पदार्थ टाळून बाळाला हाताने खाऊ कसे द्यावे हे शिकवले होते, दुसरा गट नेहमीच्या पद्धतीने भरवत होता. २०१६ साली निष्कर्ष आले. सहा ते आठ महिन्यांच्या काळात सुमारे ३५ टक्के बाळांना एकदा तरी घास अडकला होता आणि दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. म्हणजे धोका हाताने खाण्यात नसून कोणता पदार्थ दिला आणि कसा दिला यात आहे.

आपल्या इंदूरच्या घरांत तर धोक्याचे पदार्थ पावलोपावली असतात. शेव, फुटाणे, शेंगदाणे, मक्याच्या लाह्या, अख्खी द्राक्षे, बोरे, कच्चे गाजर, कच्चे सफरचंद, खोबऱ्याचा तुकडा यांतले काहीही नको. शेंगदाणा मात्र वर्ज्य नाही. अगदी बारीक कूट भाजीत किंवा वरणात मिसळून जरूर द्यावे. ज्या बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी आहे त्याच्या बाबतीत आधी विचारून घ्यावे. मध वर्षाच्या आत अजिबात नको, चाटवायलासुद्धा. मीठ, साखर आणि जिरावणही नको. द्यायचे ते काय? दोन बोटांत सहज चिरडेल इतके मऊ वाफवलेले गराडू, रताळे, भोपळा, गाजर; पिकलेले केळे, आंब्याची फोड, धिरड्याची पट्टी, इडलीचा तुकडा, बिनमिठाच्या वरणात भिजवलेला पोळीचा मऊ तुकडा. सुरुवातीला बाळ मूठ आवळून धरते, म्हणून फोड बोटभर लांब हवी, मुठीच्या वर डोकावणारी. नऊ महिन्यांच्या आसपास चिमटीत धरता येऊ लागले की लहान तुकडे चालतात. आडवे किंवा रांगते असताना, गाडीत, किंवा कोणी जवळ नसताना खायला देऊ नये.

यावर एक जुनी आणि फार मनोरंजक हकीकत आहे. क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरांनी १९२० च्या दशकात, नुकतीच अन्नावर आलेली बाळे स्वतःची निवड स्वतः कशी करतात ते पाहिले. एकूण १५ मुले आणि ३४ साधे पदार्थ. परिचारिकेने चमचा घेऊन गप्प बसायचे. बाळाने हात पुढे केला तरच द्यायचे, सुचवायचे नाही, शाबासकीही द्यायची नाही. प्रत्येक मुलाचा आहार वेगळा झाला आणि मुले चांगली वाढली. मुडदूस असलेल्या एका बाळाने तर बरे होईपर्यंत आपणहून कॉडलिव्हर तेल घेतले. पण पुढचा भाग लोक विसरतात. खरी युक्ती पदार्थांच्या यादीत आहे, असे बाईंनी स्वतःच सांगून ठेवले आहे. त्या यादीत साखर नव्हती, मैद्याची बिस्किटे नव्हती. बाळाच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन "तो स्वतः खातो हो!" असे म्हणण्यात काही अर्थ नाही.

आणि इथेच माझे या पद्धतीच्या कट्टर समर्थकांशी पटत नाही. सुरुवातीचे खाणे म्हणजे केवळ खेळ, पोषण दुधातून मिळतेच, असे काही जण म्हणतात. ऊर्जा पुष्कळशी मिळते हे खरे. सहा ते आठ महिन्यांत बाहेरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी पुरतात. लोहाचे तसे नाही. जन्माच्या वेळचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या एक लिटर दुधात अर्धा मिलिग्रॅमही लोह नसते. आई स्वतः रक्तक्षयी असेल तर साठा आधीच कमी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के भारतीय मुलांत रक्तक्षय आढळला. नुसत्या भोपळ्या-केळ्यावर हे भागत नाही. न्यूझीलंडच्या अभ्यासात हाताने खाणाऱ्या बाळांचे लोह कमी पडले नाही, पण त्या मातांना प्रत्येक जेवणात लोहयुक्त पदार्थ ठेवायला सांगितले होते.

म्हणून रोज एका वेळी तरी मुगाचे धिरडे, घट्ट वरण, मसुराची डाळ, अंडे. सामिष घरांत मऊ शिजवलेला खिमा किंवा चिकन. सामिषातील लोह अंगी चांगले लागते. डाळीवर लिंबू पिळले की तिच्यातलेही जास्त शोषले जाते. पालक आणि गूळ यांच्यावर भिस्त ठेवू नये. शासनाच्या योजनेत सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचे औषध दिले जाते. आशाताईंकडे किंवा डॉक्टरांकडे चौकशी करावी.

घट्ट वरण बाळ मुठीने कसे खाणार? आमच्याकडे तोडगा निघाला तो असा: सूनबाई चमचा भरून नातीच्या हातात देत, तो ती स्वतः तोंडात घाली. निम्मे कपाळाला लागे. माझी घोटलेली खिचडीही अशीच तिच्या पोटात गेली आणि अबोला संपला. बाळ दमले असेल, आजारी असेल तर आपण भरवायलाही हरकत नाही, फक्त तोंड फिरवले की थांबायचे. चिऊचा घास, काऊचा घास जरूर म्हणावे. पण मिटलेले तोंड उघडवण्यासाठी नाही.

अंगावरचे दूध पूर्वीप्रमाणेच मागेल तेव्हा द्यावे आणि दोन वर्षांपर्यंत, त्यापुढेही चालू ठेवावे. जेवायला बसवताना बाळ फार भुकेलेले नसावे, नाहीतर ते चिडते. ताटलीखाली जुने वर्तमानपत्र पसरावे, अंगात जुना सदरा घालावा. आणि शक्य असेल तेव्हा घरच्यांनी त्याच वेळी, त्याच्यासमोर जेवावे. वजन दर महिन्याला अंगणवाडीत किंवा डॉक्टरांकडे बघून घ्यावे. सलग दोन महिने वाढले नाही तर बाळ फार पांढुरके, मलूल दिसेपर्यंत थांबू नये, लगेच दाखवावे.