चढ म्हणजे कोन नव्हे

खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचा चढ सदतीसास एक आहे. ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. ऐकायला किरकोळ वाटतं. अंशांत मोजलं तर जेमतेम दीड. तरी लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांना लोणावळा गाठायला कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. दहावीच्या निर्देशक भूमितीत भेटणारा ‘रेषेचा चढ’ तो हाच: उभ्या बदलाला आडव्या बदलाने भागून येणारी संख्या. इथे १ भागिले ३७, म्हणजे सुमारे ०.०२७.

ही संख्या म्हणजेच कोन, असं धरून चालणं हा सगळ्यांत चिवट गैरसमज. एक्स-अक्षाशी ३० अंशांचा कोन करणाऱ्या रेषेचा चढ सुमारे ०.५८ आणि ६० अंश करणारीचा सुमारे १.७३. कोन दुप्पट झाला, चढ मात्र नेमका तिप्पट. ‘१०० टक्के चढ’ म्हणजे उभा कडा, असंही पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तो ४५ अंशांचा असतो, जेवढं पुढे तेवढंच वर. उभ्या रेषेचा चढ सांगताच येत नाही, कारण तिथे आडवा बदल शून्य आणि शून्याने भागायची सोय नाही. आडव्या रेषेची गोष्ट अगदी वेगळी. तिचा चढ शून्य, आणि शून्य ही खणखणीत संख्या आहे. दोन्हींना ‘चढ नाही’ म्हणून मोकळं झालं की गुण गेलेच.

आलेखात रेषा उभट दिसली म्हणूनही चढ मोठा ठरत नाही. वाय-अक्षावर एका सेंटिमीटरला १० ऐवजी १ एकक घ्या, तीच रेषा एकदम ताठ होते. भाववाढीचे आलेख बघताना आधी अक्षावरचे आकडे वाचावेत ते यासाठी.

कोणता बिंदू पहिला घ्यायचा, याचीही उगाच धास्ती असते. (२, ३) आणि (५, ९) घ्या. ९ − ३ = ६, ५ − २ = ३, चढ २. उलट क्रमाने −६ भागिले −३, पुन्हा २. बिघडतं ते वर एक क्रम आणि खाली दुसरा घेतल्यावर. मग −२ येतं आणि चढणारी रेषा कागदावर उतरायला लागते.

आता रेषेचं समीकरण, ‘वाय बरोबर एमएक्स अधिक सी’. यातला एम म्हणजे चढ. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं भाडं पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे ठरलं. एक्स किलोमीटरचं भाडं वाय रुपये, असं धरून हे गणित घातलं की पटकन उत्तर येतं: एम १७.१४, सी २६. एम बरोबर, तो किलोमीटरमागचे रुपये सांगतो. सी साफ चूक. एक्स शून्य असताना वायची जी किंमत, ती सी. इथे २६ रुपये शून्यावर नाहीत, दीड किलोमीटरवर आहेत. म्हणून

वाय = २६ + १७.१४ (एक्स − १.५)

आणि कंस सोडवला की

वाय = १७.१४ एक्स + ०.२९

सी निघाला एकोणतीस पैसे! दीड किलोमीटरचे या दराने २५ रुपये ७१ पैसे होतात, पूर्ण रुपयांत २६. म्हणजे किमान भाडं हे रिक्षात नुसतं बसल्याचे वेगळे पैसे नव्हेत, दीड किलोमीटरचंच भाडं आहे. तुम्ही अर्ध्या किलोमीटरवर उतरलात तर तो तुमचा प्रश्न. शिवाय हे समीकरण दीड किलोमीटरपासून पुढेच चालतं. त्याआधी आलेख २६ च्या उंचीवर आडवाच असतो. १० किलोमीटरला १७१.६९ येतात, रुपयांत १७२.

‘एक्सचा सहगुणक म्हणजे चढ’ हे पाठांतरही असंच अर्धवट. वाय एका बाजूला एकटा असेल तरच ते खरं. २ एक्स + ३ वाय = ६ या रेषेचा चढ २ नसून −२/३ आहे; वाय मोकळा करून बघा. एक्स = ४ ही उभी रेषा तर एमएक्स अधिक सीच्या साच्यात बसतच नाही. लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ येतो, त्या नियमालाही इथे सूट द्यावी लागते: एक्स = ४ आणि वाय = ३ काटकोनात छेदतात, पण पहिलीला चढच नाही, मग गुणायचं कशाला कशाने?